शब्दचर्चा : संख्या मरते का?

मूळ धागा

नववी-दहावीच्या मुलांसाठी असलेल्या जीवशास्त्राच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. एखाद्या ठिकाणचे सजीव कसे वाढतात, कसे घटतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात बदल कसा होतो, असा विषय आहे. पहिल्याच पानावर अडले.

सुरुवातीला सरळ 'रेनडियरांची लोकसंख्या' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचलं तेव्हा कानाला खटकलं. लोक म्हणजे माणसं, रेनडियर लोक कधी झाले? मग सगळीकडचं 'लोकसंख्या' काढून 'संख्या' केलं. त्याने निम्मी वाक्यं सुधारली आणि निम्मी बिघडली. दोन नमुने देते.

"बेटावरच्या रेनडियरांची संख्या एकोणीस वर्षांत दोनशे पटींहून अधिक झाली."

"पुढच्या हिवाळ्यात ही संख्या उपासमारीने मेली."

पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्यात संख्या मेली! संख्या घटते, मरतात ते प्राणी. पुढे आणखी एक वाक्य आहे, "वातावरण बदलल्यावर संख्येचे गुणधर्म बदलले." संख्येचे गुणधर्म म्हणजे सम-विषम असणं, मूळ संख्या असणं. मुलं हे वाचून काय समजतील?

आणखीही शंका आहेत. 'घातांकी वाढ' मुलांच्या डोक्यात शिरेल का? एखादी जागा किती प्राणी पोसू शकते त्याला 'धारणक्षमता' बरा की 'वहनक्षमता'? बाहेरून येऊन मिळणारे आणि सोडून जाणारे प्राणी यांना काय म्हणायचं? दोघांनाही 'स्थलांतर' म्हटलं तर वजाबाकी कुठे करायची तेच कळत नाही. जाणकारांनी मदत करावी. घाई नाही, पण शब्द नेमका हवा आहे.

प्रतिसाद

तुम्हाला लागलेली ठेच खरी आहे आणि ती शब्दापुरती नाही. इंग्रजीत 'पॉप्युलेशन' या एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे मोजून येणारा आकडा. दुसरी म्हणजे ज्यांना मोजलं तो सजीवांचा संच : एकाच जातीचे, एका काळी एका भागात राहणारे आणि आपसात वीण होणारे सगळे जीव. आपण तो एक शब्द एकाच शब्दाने भरून काढायला जातो आणि फसतो. मराठीत दोन शब्द घेतले तर अडचण राहत नाही. आकड्यासाठी 'संख्या' आणि संचासाठी 'समष्टी'.

संख्या वाढते, घटते, स्थिरावते. समष्टी पसरते, विरळ होते, दुभंगते, बदलते, संपते. क्रियापद बदलून पाहा, शब्द चुकला असेल तर तिथेच उघडा पडतो. तुमचं तिसरं वाक्य "समष्टीचे गुणधर्म बदलले" असं केलं की अर्थ लागतो.

वर्गात ही अडचण मला दरवर्षी भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगांचा दाखला बहुतेक पुस्तकांत असतो. फिकट पंखांवर काळे ठिपके असलेले हे पतंग झाडाच्या सालीवर बसले की सहज दिसत नाहीत. मँचेस्टरमध्ये १८४८ साली एका काळ्याकुट्ट पतंगाची नोंद झाली. तेव्हा तसा पतंग दुर्मीळ होता. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी पडत गेली, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, आणि १८९५ पर्यंत त्या भागातले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा स्वच्छ झाली तसे फिकट पतंग परतले.

आता मुलं उत्तरपत्रिकेत काय लिहितात? "काजळीमुळे पतंगांनी आपला रंग बदलला." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण सांगतं ते साफ खोटं. कोशातून काळा बाहेर पडलेला पतंग मरेपर्यंत काळाच राहतो आणि फिकट फिकटच. एकाही पतंगाने काही बदललेलं नाही. पक्ष्यांनी फिकट जास्त टिपले, काळे जास्त उरले, त्यांची पिल्लं जास्त झाली. बदललं ते प्रमाण. घोटाळा त्या 'नी' प्रत्ययात आहे. 'पतंगांनी' म्हटलं की कर्तेपण पतंगांकडे जातं, जणू त्यांनी बैठक घेऊन ठरवलं. "पतंगांच्या समष्टीत काळ्यांचं प्रमाण वाढत गेलं" असं लिहिलं की कर्ता नाहीसा होतो आणि वाक्य खरं होतं.

"जंतूंना औषधाची सवय झाली" हे तर आपण रोज बोलतो. सवय होत नाही. औषधाला बळी पडणारे मरतात, आधीपासून दाद न देणारे थोडे उरतात आणि त्यांचीच संतती माजते.

प्रतिसाद

'समष्टी' जड वाटतो. मुलांना कळप, थवा, झुंड, टोळी हे शब्द येतात. त्यातला का घेऊ नये? आणि 'लोक' म्हणजे फक्त माणसं हेही पटत नाही. जीवलोक, मत्स्यलोक असे शब्द आहेतच की.

उत्तर

कळप आणि थवा ही वागण्याची नावं आहेत. एकत्र चरतात त्यांचा कळप, एकत्र उडतात त्यांचा थवा. बिबट्या बहुतेक आयुष्य एकटा काढतो. त्याचा कळप नसतो, पण एका जंगलातल्या बिबट्यांची समष्टी असते. एका डोंगरउतारावरच्या देवदारांचीही असते आणि ते तर जागचे हलतसुद्धा नाहीत.

'लोक'बद्दल तुमचा मुद्दा व्युत्पत्तीने बरोबर आहे. पण 'लोकसंख्या' हा शब्द माणसांना इतका चिकटला आहे की आता सोडवता येणार नाही. लोकगीत, लोकशाही, सगळीकडे लोक म्हणजे माणसंच.

जडपणाबद्दल एक सांगतो. व्यष्टी आणि समष्टी ही जोडी वेदान्तातली. ती समजावून सांगताना दाखला देतात तो झाडं आणि वन यांचा. सुटी पाहिली तर झाडं, एकत्र पाहिली तर वन. जीवशास्त्राला हवा तोच अर्थ त्या शब्दात आधीपासून बसलेला आहे. असा शब्द घडवायला गेलो तर घडणार नाही. मुलांना झाडं आणि वन सांगा, शब्द जड राहणार नाही.

प्रतिसाद

संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही समष्टी आणि नमुना ही जोडी रुळली आहे, त्यामुळे माझंही मत समष्टीलाच.

मात्र 'गणना' शब्दाबद्दल सावध राहा. व्याघ्रगणना, पक्षिगणना असं आपण सर्रास म्हणतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की एकेक डोकं मोजलं. माणसांच्या बाबतीत ते खरं, जुना शब्दही 'शिरगणती' आहे. तळ्यातल्या माशांची शिरं कोण मोजणार? तिथे असं करतात : समजा ५० मासे पकडले, खुणा करून सोडून दिले. ते इतरांत मिसळले की काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं. ६० मासे आले आणि त्यांत १२ खुणेचे निघाले. म्हणजे पाचात एक खुणेचा. हेच प्रमाण साऱ्या तळ्याला लावलं तर ५० हा एकूण माशांचा पाचवा हिस्सा, म्हणजे तळ्यात सुमारे २५० मासे. मधल्या काळात मासे आले-गेले नाहीत, खुणा पुसल्या नाहीत आणि खुणेचा मासा इतरांइतकाच सहज जाळ्यात सापडतो, एवढं गृहीत धरून.

'सुमारे' मुद्दाम वापरला. 'शुमार' हा फारसी शब्द मोजण्याचा. त्यावरून शिरगणतीला 'खानेसुमारी' म्हणत, खाना म्हणजे घर. तोच शब्द मराठीत मुरल्यावर 'सुमार' म्हणजे अंदाज झाला आणि मोजता येत नाही ते 'बेसुमार'. नेमकी मोजणी आणि अंदाज, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात आहेत. या शास्त्राला याहून समर्पक शब्द मिळणार नाही. पुस्तिकेत जिथे अंदाज असेल तिथे 'गणना' लिहू नका, 'अंदाज' लिहा.

प्रतिसाद

घातांकी वाढीबद्दल. व्याख्येत 'घातांकी' राहू द्या, पण समजावताना 'चक्रवाढ' वापरा. चक्रवाढ व्याजात व्याजावर व्याज चढतं, इथे पिल्लांना पिल्लं होतात. यंत्रणा हुबेहूब तीच आहे आणि शब्द मुलांच्या गणिताच्या पुस्तकात आहे. 'भर पडणे' आणि 'पट होणे' ही क्रियापदंही वेगळी ठेवा. दरवर्षी शंभरांची भर पडते ती बेरजेची वाढ, दरवर्षी दुप्पट होते ती गुणाकाराची. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८ साली मांडलेला सगळा युक्तिवाद या दोन क्रियापदांवर उभा आहे : माणसं पटीने वाढतात, अन्नात नुसती भर पडते. अन्नाच्या बाबतीत त्याचा अंदाज पुढे चुकला, पण पटीने होणाऱ्या वाढीचं गणित चुकलं नाही.

'झपाट्याने', 'बेसुमार', 'अफाट' हे शब्द घातांकीच्या जागी येऊ देऊ नका. घातांकी वाढ सुरुवातीला झपाट्याची नसतेच. ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत, सगळं मनाजोगतं असताना, सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. अशा जिवाणूंनी एक बरणी दुपारी बरोबर बाराला भरली असं समजू. पावणेबाराच्या जरा आधी, ११ वाजून ४० मिनिटांनी ती अर्धी होती. अकरा वाजता अष्टमांश. दहा वाजता चौसष्टावा हिस्सा, म्हणजे तळाशी थोडंसं. नऊला पाहणारा म्हणेल बरणी रिकामीच आहे. तिन्ही तासांत वाढीचा नियम तसूभरही बदलला नाही. 'झपाट्याने' लिहिलंत तर वाचणारा शेवटची २० मिनिटं पाहील आणि आधीचा वेळ त्याच्या लक्षातच येणार नाही.

प्रतिसाद

याला जोडून आणखी एक, कारण बातम्यांत रोज चुकतं. 'वाढ घटली' आणि 'संख्या घटली' या दोन गोष्टी आहेत. जगातल्या माणसांच्या वाढीचा दर १९६० च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर होता, आता एक टक्क्याच्या खाली आहे. दर निम्म्याहून खाली आला. पण ३३० कोटींचे दोन टक्के म्हणजे ६.६ कोटी आणि ८०० कोटींचे ०.९ टक्के म्हणजे ७.२ कोटी. दर घटला तरी दरवर्षी पडणारी भर जवळपास तेवढीच राहिली. 'वाढीचा दर घटला' असं लिहा, गैरसमज होणार नाही.

प्रतिसाद

येणारे-जाणारे : आवक आणि जावक. जन्म अधिक आवक, वजा मृत्यू, वजा जावक. पूर्ण हिशेब एका ओळीत. 'स्थलांतर' हंगामी पक्ष्यांसाठी राखून ठेवा.

धागाकर्ती

आवक-जावक लगेच उचलला! समष्टीही घेते आहे, झाडं आणि वनाच्या दाखल्यासकट. आता धारणक्षमतेचं सांगा. माझं रेनडियरांचं उदाहरण तिथेच येतं.

प्रतिसाद

'कॅरिंग कपॅसिटी' हा इंग्रजी शब्द मुळात जहाजाचा आहे, जहाज किती माल वाहून नेईल त्याचा. पुढे तो कुरणांना लागला, कुरण किती गुरं पोसेल या अर्थी. 'वहनक्षमता' हे जहाजाचं भाषांतर झालं. कुरण काही वाहून नेत नाही, म्हणून 'धारणक्षमता' बरा. वाक्यात मात्र 'पेलणे' वापरून बघा. "या बेटाला इतके रेनडियर पेलतील का?" कोणालाही कळेल.

पण 'क्षमता' या शब्दाचा एक धोका आहे. आसनक्षमता ५० म्हटलं की गाडीत ६० जण कोंबले तरी आसनं ५० च राहतात. निसर्गात तसं नाही. तुम्ही म्हणता ते बेट बहुधा बेरिंग समुद्रातलं सेंट मॅथ्यू. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तिथल्या तळावरच्या सैनिकांना अडीअडचणीला अन्न म्हणून २९ रेनडियर सोडले. तळ लवकरच हलला, रेनडियर राहिले. त्यांना खाणारा कोणी नव्हता आणि जमिनीवर दगडफुलाचा जाड थर होता. १९५७ साली ते १,३५० होते, १९६३ च्या उन्हाळ्यात सुमारे ६,०००. दगडफूल फार सावकाश वाढतं. एकदा खरवडून खाल्लं की भरून यायला कित्येक वर्षं जातात. म्हणजे रेनडियरांनी क्षमता ओलांडली एवढंच नाही, ती खाऊन कमीही केली. १९६३-६४ चा हिवाळा कडक निघाला आणि जवळजवळ सगळे उपाशी मेले. १९६६ साली मोजले तेव्हा ४२ होते.

बेल्जियमचा गणितज्ञ वेरहुल्स्ट याने १८३८ साली मांडलेल्या सूत्रात संख्या मर्यादेजवळ येते तसा वेग मंदावतो आणि आलेख वर जाऊन अलगद सपाट होतो. ते सूत्र फार मोलाचं आहे, पण त्यात मर्यादा हलत नाही. पुस्तिकेत दोन्ही आलेख शेजारी-शेजारी छापा आणि 'धारणक्षमता' शब्दाखाली एक ओळ द्या की ही बदलू शकते. त्या सूत्राला 'लॉजिस्टिक' म्हणतात त्यामुळे मुलांना मालवाहतूक आठवते. 'मर्यादाबद्ध वाढ' चालेल.

प्रतिसाद

पतंगांबद्दल वर लिहिलं आहे ते पटलं. पण 'प्राणी स्वतः बदलत नाहीत' असा सरसकट नियम मुलांना देऊ नका. वाळवंटी टोळ विरळ असतात तेव्हा त्यांची पिल्लं हिरवट आणि एकलकोंडी असतात. तीच दाटीत आली की काही तासांत एकमेकांकडे ओढली जातात आणि पुढच्या काती टाकताना पिवळी-काळी होतात. अशाच दुसऱ्या एका टोळाबद्दल कीटकशास्त्रज्ञ उवारोव्हने १९२१ साली दाखवून दिलं की ज्यांना दोन वेगळ्या जाती समजत होते ते एकाच टोळाचे दोन अवतार आहेत. म्हणजे "टोळांनी रंग बदलला" हे वाक्य खरं आणि "पतंगांनी रंग बदलला" हे खोटं. रचना तीच. व्याकरण इथे वाचवत नाही, आधी प्राणी माहीत हवा.

आणखी एक बारीक सूचना. 'पैदास' माणसाने करवलेली, घोड्यांची, गुरांची. रानातल्या प्राण्यांची 'वीण' म्हणा. आणि 'सुळसुळाट', 'बुजबुजाट', 'उच्छाद' हे शब्द मला फार आवडतात, पण त्यांतून किती उंदीर आहेत ते कळत नाही, आपण किती वैतागलो ते कळतं. गोष्टीत वापरा, आलेखाखाली नको.

उत्तर

टोळांचा दाखला फार मोलाचा. पुढच्या वर्षी वर्गात पतंगांच्या लगेच नंतर हाच घेईन. माझा नियम सुधारून सांगतो : 'नी' लावण्याआधी विचारा, हा बदल एकाच जिवाच्या आयुष्यात झाला की पिढ्यांमध्ये?

प्रतिसाद

घट आणि शेवट यांचे शब्दही नीट वापरा. 'नामशेष' म्हणजे ज्याचं फक्त नाव शिल्लक आहे. प्रवासी पारवे उत्तर अमेरिकेत अब्जांनी होते. त्यांतली शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या दिवशी ते नामशेष झाले. चित्ता भारतातून नाहीसा झाला असं १९५२ साली जाहीर झालं, पण आफ्रिकेत तो होताच. त्याला तेव्हा 'नामशेष' म्हणणं चूक, 'भारतातून नाहीसा झाला' बरोबर. जात आणि समष्टी यांतला फरक इथेही आहे : भारतातली समष्टी संपली, जात संपली नाही.

धागाकर्ती

दुसरं वाक्य आता असं केलं आहे : "पुढच्या हिवाळ्यात ही समष्टी उपासमारीने कोसळली. सुमारे सहा हजारांतले बेचाळीस उरले." 'मेली' काढलं, कारण ४२ जिवंत होते.

पण तिथेच नवी अडचण आली. मूळ मजकुरात पुढे आहे की त्या ४२ मध्ये ४१ माद्या होत्या आणि एकच नर, तोही वीण होण्याजोगा नव्हता. त्या वर्षी एकही पाडस दिसलं नाही. प्राणी चरत होते, चालत होते, मोजता येत होते, पण पुढे काही नव्हतं. १९८० च्या दशकापर्यंत बेटावर एकही उरला नाही. या मधल्या वर्षांतल्या समष्टीला काय म्हणू? 'नामशेष' म्हणता येत नाही, 'संकटग्रस्त' फार सौम्य वाटतं आणि 'निर्वंश' शिवीसारखं ऐकू येतं.

प्रतिसाद

विशेषण शोधू नका, क्रियापद घ्या. पाणी किंवा ऊन न मिळालेल्या रोपाची वाढ खुंटते, तेव्हा रोप उभंच असतं. तसाच वंश खुंटतो. "१९६६ साली बेटावर बेचाळीस रेनडियर चरत होते, पण त्यांचा वंश खुंटला होता."